कोंडाजीची हातोडी

मंडळी, ऐका! एकच विचारतो, खरं सांगा. ज्याच्यावर तुमचा काडीचा विश्वास नाही, त्याच्या हातून तुमच्या देवाचं घर बांधून घ्याल? — बघा! लगेच शेजाऱ्याकडे बघितलंत!

रत्नोजी नाईकांनी माळ फोडून नवी पेठ वसवली. माणसं आली चारी दिशांची, जो तो आपला देव घेऊन! नाईक चौथऱ्यावर उभे राहिले. म्हणाले, "ज्याचा धर्म त्याचा. त्यात मी हात घालणार नाही, कुणाला घालू देणार नाही. न्याय मात्र सगळ्यांना एकच! आणि पेठ एक व्हायची, तर देवळाची भिंत हसन गवंड्यानं बांधायची. मशिदीची कोंडाजी गवंड्यानं!"

कोंडाजी तडक निघाला! घरी येऊन बायकोला म्हणाला, "राधे, यात काहीतरी काळंबेरं आहे."

झालं! रोज देवळापाशी जायचा. हसननं दगड बसवला की हा हातोडीनं वाजवणार — टण्! भरीव. दुसरा — टण्! तोही भरीव. बरं वाटावं ना? छे! माणूस संशयानं पेटला की चांगलंही खुपतं! "एवढा चुना का ओततोय हा? फुकटचा आहे? नक्की कुठेतरी दगा करणार!"

आणि मंडळी, दगा करणार, करणार म्हणता म्हणता कोंडाजीनं काय केलं? मशिदीच्या भिंतीला बाहेरून झकास चिरे लावले — आणि आत नुसती माती! हसननं फसवायच्या आधीच यानं हिशेब चुकता केला! हसता काय? त्याला ते शहाणपण वाटलं हो!

उद्घाटनाचा दिवस. सकाळची वेळ, दोन्हीकडे तोरणं. नाईक म्हणाले, "ज्यानं भिंत बांधली, त्याचं कुटुंब आधी आत बसेल. मग बाकीचे."

कोंडाजी दोन पावलं मागे सरकला. नाईकांना कळलं की काय? कुणी सांगितलं? चिरे घडवणाऱ्या पाथरवटानं? त्यानं एकेकाचं तोंड निरखलं. तिकडे हसन नातवंडांना घेऊन देवळाच्या भिंतीला खुशाल टेकून बसला.

इकडे राधाबाई मशिदीत शिरली. मागोमाग लेक सगुणा — बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. चालून दमली होती बिचारी. भिंतीपाशी गेली, पाठ टेकणार —

"थांब! सगुणे, हो बाजूला तिथून!" कोंडाजी ओरडला. "भिंत कच्ची आहे, आत नुसती माती आहे! मीच... मीच केलीय!"

सगळी पेठ गप्प. टाळ थांबवा जरा. — हां. अशी गप्प.

नाईक चौथऱ्यावरून खाली उतरले. कोंडाजीला वाटलं, आता हात तोडणार. नाईक म्हणाले, "भिंत उतरव. पुन्हा बांध. मशीद उभी राहील त्याच दिवशी देवळाचं दार उघडेल. तोवर तुझा देव माझ्या मांडवात, आणि हसनचा नमाजही माझ्याच मांडवात. हसन, याच्यावर नजर ठेव."

दुसऱ्या दिवशी हसन आला. कोंडाजीकडे पाठ केली आणि चुना मळायला बसला! कोंडाजी दगड उतरवतोय, माती उपसतोय, पुन्हा पुन्हा वळून बघतोय. शेवटी राहवेना.

"अरे, नजर ठेवायला सांगितलंय तुला! बघत का नाहीस?"

"मी तुझ्याकडे बघत बसलो, तर चुना कोण मळणार?"

कोंडाजी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. लाजच वाटली त्याला, दुसरं काही नाही. मग डोळे पुसले, हसननं पुढे केलेलं घमेलं घेतलं आणि पहिला चिरा बसवला. हातोडी उचलली — टण्!

टाळ्या नकोत, मंडळी. एकतेवर टाळ्या वाजवायला काय लागतं? शेजाऱ्याची भिंत तर तुम्ही रोज वाजवून बघता, मला ठाऊक आहे. आज घरी जा, आणि त्याच्यासाठी तुम्ही जी बांधलीय ना — तिच्यावर मारा हातोडी. आणि आवाज कसा येतो, तो मला नका सांगू. देवाला सांगा!