दुसरं पान

एल्विरा : चल डालिया, परत जाऊ. हॅनिगनबाई कामात असणार. दारावर लिहिलंय बघ, मंगळवार, दोन ते चार.

डालिया : अगं आई, ती वेळ आपण येऊन भेटायची! म्हणून तर पाटी लावलीय.

एल्विरा : काय सांगतेस! मी दर मंगळवारी इथे उभी राहून परत जातेय. म्हटलं, कशाला त्यांच्या कामात खोडा घाला.

डालिया : धन्य आहे तुझी.

एल्विरा : हसू नकोस. निबंधावर ‘येऊन भेटा’ लिहिलंय. असं कुणाला बोलावतात? ज्याची चोरी पकडली त्याला. आज वर्गातून नाव काढून घ्यायचा शेवटचा दिवस आहे. काढते आणि सुटते.

डालिया : अख्ख्या चर्चमध्ये सांगत फिरलीस, या वयात कम्युनिटी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकतेय म्हणून. आता माघार? मी फक्त तुझं इंग्रजी नीट केलं गं.

एल्विरा : फक्त?

(डालिया दार वाजवते.)

हॅनिगनबाई : या, एल्विरा! किती वाट बघायला लावलीत. आणि ही?

एल्विरा : माझी मुलगी. इथेच नर्सिंगला आहे. बाई, माझं काही चुकलं असेल तर...

हॅनिगनबाई : बसा आधी. माणसाला मोकळा केव्हा म्हणायचं, हा निबंधाचा प्रश्न होता. पहिल्या पानावर तुम्ही बदामाच्या कारखान्यातलं लिहिलंय. ‘मुकादमबाई जेवायला गेली तरी आमचे हात थांबत नाहीत. मग आम्हाला बांधलंय कुणी?’ माझी कॉफी गार झाली हे वाचताना.

एल्विरा : आणि दुसरं पान?

हॅनिगनबाई : तिथे ‘उपरोक्त विवेचनावरून’ आहे, दोन ग्रीक तत्त्वज्ञ आहेत. तुम्ही कुठेच नाही. कुणी लिहिलं?

एल्विरा : मीच.

डालिया : मी लिहिलं, बाई. मला भीती वाटली, आईला सगळे हसतील.

एल्विरा : तिचं नाव कुठे कळवू नका हो! तिचं नर्सिंग जाईल. मला काढा हवं तर.

हॅनिगनबाई : कुणाला काढत नाही मी. पण गुण देताना ते पान मी धरणार नाही, आणि तुमचं उत्तर अर्धंच राहिलंय. हा कागद घ्या. चुका होऊ देत. तुम्हाला बांधलंय कुणी?

एल्विरा : आत्ता? इथे, तुमच्यासमोर?

हॅनिगनबाई : हो, इथेच.

डालिया : आई, मी सांगते ना, सुरुवात अशी कर...

एल्विरा : डालिया, तू बाहेर थांब.