काळ्या बिअरच्या परवान्याबाबत

विषय : काळी बिअर चाखण्याची परवानगी मिळण्याबाबत.

त्याचं असं झालं, माझा मेहुणा सुधीर जर्मनीहून भिवंडीला आला, तो तिथल्या खेड्यातल्या छोट्या भट्टीतल्या काळ्या बिअरची एकच बाटली घेऊन. मी सरकारी कारकून. म्हटलं, आधी पिण्याचा परवाना काढतो.

दारूबंदी कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "आजार कोणता?"

"आजार नाही हो, चव बघायचीय."

"परवाना प्रकृतीसाठी मिळतो. चवीचा रकाना न्हाय. डॉक्टरचा दाखला आणा."

डॉक्टरांनी मला नीट तपासून लिहिलं, 'प्रकृती उत्तम.' तोच दाखला अर्जाला जोडला.

सुट्टी संपली तशी सुधीरने माझ्यासमोर अख्खी बाटली संपवली. "कॉफीसारखी कडू आहे, भाऊजी. तुम्हाला आवडली असती!"

पुढे मी निवृत्त झालो. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.