पळसमैनेच्या मागं

(यवतमाळ. मंदारचं झेरॉक्सचं दुकान. जूनचा पहिला आठवडा, दुपार. लाइट गेलेली.)

प्राची: ...अन् मग ती गाडी थांबली ना, मंदार, तर चारी बाजूनं नुसतं गवत. झाड म्हणून नाही. एक दगडांचा ढीग, अन् त्या ढिगातून आवाज. म्हणजे दिपालीच्या गावच्या बाभुळबनात सायंकाळी जो कालवा व्हायचा ना, सेम तोच. मी रडलीच यार. म्हटलं, अरे, हे तर आपलेच पोट्टे.

मंदार: दगडात राह्यते ते?

प्राची: दगडातच घरटी करते. हजारोनं. आपल्याकडं पळसमैना फक्त थंडी काढाले येते, पळस फुलला की त्याचा रस पिऊन निघते. लेकरं सारी तिकडं, कझाकस्तानात. आपण तीन वर्षं मोजून राह्यलो अन् तिचं माहेर कसं दिसते ते एकानंही पाह्यलं नव्हतं. दिपाली, ऐकून राह्यली ना तू?

दिपाली: ऐकून राह्यली.

मंदार: पण अशी अचानक कायले गेली? अन् एकटी?

प्राची: तेच तर सांगून राह्यली. एप्रिलच्या शेवटी, पतसंस्थेत चहाच्या सुट्टीत मोबाइल पाहत होती, तर दिल्लीहून तिकीट एकदम सस्तं, चार दिवसांनंतरचं. चौदा दिवसांपर्यंत व्हिसाही लागत नाही म्हणे. चहा थंडा होईपर्यंत तिकीट काढून मोकळी. मग जो घाम फुटला, विचारू नको. आईला सांगतलं नागपूरला ट्रेनिंग आहे. बाबांनी बॅगेत स्वेटर पाह्यलं मे महिन्यात, अन् बॅगेची चेन लावून दिली. तिकडं तर वसंत. रानात लाल ट्युलिप, आपल्याकडं सदाफुली असते तसे, कोणी लावलेले नाही. जिच्या घरी थांबली होती ना, ती म्हातारी रोज खुणेनं विचारे, नवरा कुठं आहे. मी खुणेनं सांगे, उडून गेला. ती हसे अन् पावावर आणखी लोणी लावे. मग एक दिवस तिला वहीच दाखवली. अक्षर तर तिला वाचता येत नव्हतं, पण आकड्यांवर बोट फिरवत बसली.

मंदार: कोणती वही?

प्राची: आपली. मोजणीची.

मंदार: ते तुह्याजवळ होती? तिकडं?

प्राची: तिथल्या कोणा अभ्यासकाला दाखवता येईन म्हणून नेली होती. भेटलं नाही कोणी. बनाचं मले आल्यावर समजलं, मंदार, तुह्याच मेसेजवरून. लय वाईट झालं. मी दोन दिवस जेवली नाही.

मंदार: मले तर एवढंच माहीत आहे की बन तोडलं. सुनावणीत काय झालं ते हिनं सांगतलंच नाही. दिपाली, बोल ना वं.

दिपाली: काय सांगाचं त्याच्यात. गावाले कापूस खरेदीचं केंद्र पायजे होतं. गाड्या उभ्या कराले जागा पायजे. जागा कोणती, तर तळ्याकाठची ई-क्लास, सरकारी चराईची. तिच्यातच बन. आमी दोघीनं आक्षेप घेतला होता का पळसमैना तिथं रातच्यानं बसते, जागा दुसरी पाहा. तारीख होती वीस मे. ते आनली नऊवर. मले आदल्या राती गावातूनच समजलं.

मंदार: अन् तू एकटीच गेली.

दिपाली: कोण येईन मांगं? आमच्या घरात दिवाळीपासून कापूस पडला होता, भाव येईन येईन करत. माजघर भरलं, मंग न्हाणीपर्यंत. त्याच्यातल्या किड्यानं साऱ्याइचं अंग खाजे. माय म्हने, पाखराले झाड पायजे तुह्या, मले पाठ टेकाले जागा नको काय. भाऊ तं बोलेच ना. मी ताट घेतलं का तो उठे. तरी गेली. साहेब म्हने, नोंद दाखवा. नोंद तं वहीत. मंग मी सरकी दाखवली.

मंदार: सरकी?

प्राची: अरे, ही मोजायची कशी ते तुले माहीत नाही. थवा उतरला की शंभराले एक सरकी ओटीत टाकायची. हात नाही थांबत, नजर नाही हलत. नंतर सरकी मोजून मी वहीत लिहायची. मले तर दहाच्या पुढं...

दिपाली: आमच्या वावरात वेचाले येते त्या बिजलीबाईनं शिकवलं ते. कापूस वेचता वेचता किती तासं, म्हंजे ओळी, झाल्या, ते ओटीतल्या सरकीवर सांगे ते. तीन सालाच्या तीन पुरचुंड्या ठेवल्या होत्या मी. त्याच नेल्या. टेबलावर सोडल्या.

मंदार: बाप रे.

दिपाली: साहेब काही वाईट नव्हता. म्हने, बाई, हे तं सरकी आहे. मी म्हटलं, हो साहेब, एका सरकीचे शंभर. मांगून कोणीतरी बोललं का ढेप करा तिची, म्हशीले चारा. सारे हासले. माहा भाऊबी हासला.

प्राची: मी असती ना तर एकाची हिंमत झाली नसती. शप्पथ, दिपाली, मले माहीत असतं तर मी आली असती. तिथं नेटवर्कच नव्हतं, त्या रानात...

दिपाली: तारीख बदलली हे तुले कदी समजलं?

प्राची: आल्यावर. सांगतलं ना, मंदारच्या मेसेजवरून.

दिपाली: सुनावणीच्या हापिसातला बाबू म्हने, प्राची मॅडमले फोन केला होता. दोन तारखेले, दुपारी. मॅडम ठीक आहे म्हणाल्या. रजिस्टरात लिवलं आहे त्यानं. मले दाखवलं.

मंदार: प्राची?

प्राची: मी दिल्लीले होती. विमानतळावर. लाइन पुढं सरकून राह्यली होती, मागचे लोक बॅगा ढकलून राह्यले होते. मले वाटलं, तुलेही करतीन ते फोन.

दिपाली: आक्षेपावर माहं नाव दुसरं आहे. ते पैल्या नावाले करते.

प्राची: मग म्हटलं, उतरल्यावर सांगू. उतरल्यावर वाटलं, उद्या सांगू. मग त्या रानात खरंच नेटवर्क नव्हतं वं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाले न विचारता कुठं गेली होती. तुले फोन केला असता तर तू म्हटलं असतं, परत ये.

दिपाली: नसतं म्हटलं.

प्राची: म्हटलं असतं.

दिपाली: वहीचे फोटू पाठव म्हटलं असतं.

मंदार: फोटो तर पाठवता आले असते यार, प्राची. दिल्लीतूनच. पाच मिनिटांचं काम.

प्राची: माहीत आहे मले. तू नको सांगू.

मंदार: पाणी घे.

प्राची: नको. दिपाली, मी पेपरात लिहिते. वही आहे, तिकडचे फोटो आहे. सारं खरं खरं लिहिते, मी फोन घेतला होता तेही. तुहं नाव पहिलं टाकते.

दिपाली: आता कायले? तीन दिवसांत जेसीबी आला. वीस तारखेले तं केंद्रबी चालू झालं. पैल्या दिवशी आमचा कापूस मोजला. मायनं सारं माजघर झाडून, शेणानं सारवून घेतलं. त्या राती सारे निजले, घरात खाजवाचा आवाज नाही. भाऊबी बोलते आता. परवा मले म्हने, चाल, गाडीवर सोडून देतो यवतमाळले.

मंदार: मग चांगलंच झालं म्हणायचं का?

दिपाली: मायले झालं. मी काहून नाही म्हणू?

प्राची: अन् तुले?

दिपाली: मले का व्हाचं आहे.

प्राची: अशी नको ना बोलू. रागाव, शिव्या दे. पोळ्याच्या आधी मी येते गावाले. ते उतरायच्या आधी दुसरी जागा पाहू आपण, तळ्याच्या पलीकडं बाभळी आहेच ना थोड्या. तिकडं जातीन ते, दिपाली. पाखरं हुशार असते.

दिपाली: जातीन. पण आधी आपल्याच जागेवर येतीन. दोन-तीन सांजा तं त्याच गाड्यांवर घिरट्या घालतीन.

प्राची: कशावरून?

दिपाली: त्याइले कोण सांगन?