तिनं दार काऊन उघडलं

(एटापल्लीकडच्या जंगलातलं गाव, सकाळची वेळ. दाराला आतून कडी लावून नीलाबाई बसली आहे. काल रात्री गावात दाखवलेला सिनेमा सरल्यापासून बाहेर ओसरीवर बसून असलेली दुर्गा.)

नीलाबाई : नाई म्हणजे नाई. त्या सिनेमातल्या बाईनं असंच दार उघडलं, आन आपलं मरण आपल्या हातानं घरात घेतलं.

दुर्गा : त्या माणसापाशी सुरा होता, आत्या.

नीलाबाई : आत्या म्हणू नको. आपल्यात आत्या म्हणजे सासू. आन सुरा त्याच्या कोटाच्या आत होता. दारात उभा राह्यला तेव्हा हात मोकळेच होते त्याचे. गोड बोलत होता. 'बाई, मी तुमच्या नवऱ्याचा दोस्त, घोटभर पाणी द्या.'

दुर्गा : मी पाणी नाई मागितलं.

नीलाबाई : म्हणून तर जास्त भेव वाटते.

दुर्गा : काल सिनेमा सरल्यावर ते सिनेमा दाखवणारे चंद्रपूरवाले माइक घेऊन सगळ्यायले विचारत होते, कसा वाटला, बाईनं काय कराले पाह्यजे होतं. तुमच्यापाशी माइक आला, तुम्ही मुक्या राह्यल्या. मी तुमच्या मागंच बसली होती.

नीलाबाई : बोलाले आमच्या गावचा देवराव होता ना. माइक दिसला की त्याच्या अंगात येते. 'बाई बिनअकलीची होती, दार उघडलं तिथंच मेली.' गावानं टाळ्या वाजवल्या. समोरच्या घरची आशा तर सिनेमा चालू असतानीच उठून वरडली, 'खोलू नको वं माय, खोलू नको!' जशी काही ती पडद्यातली बाई हिच्या शेजारी राह्यते.

दुर्गा : आन तुम्हाले काय वाटलं?

नीलाबाई : मले काय वाटंल? घरकुलाचं हे लोखंडी कवाड बसलं तवापासून त्याले कडी आहे, पण म्या कधी लावली नाई. काल लावली. एवढं शिकली सिनेमातून.

दुर्गा : मले नाई वाटत ती बिनअकलीची होती.

नीलाबाई : तुले कसं वाटंल? तू बाहेरची.

दुर्गा : तसं नाई. तिचा नवरा किती दिसाचा बाहेर. घरात बोलाले कोणी नाई. आन बाहेरून कोणी तरी त्याचं नाव घेतलं. तिनं त्या माणसाले दार नाई उघडलं, आत्या. त्या नावाले उघडलं. आहा ना तिथी?

नीलाबाई : कुठी जाऊ? माझंच घर आहे.

दुर्गा : मी काल आल्या आल्या लोकेशचं नाव घेतलं.

नीलाबाई : घेतलं. आन म्या कडी लावली. कारण तो माणूसही घेत होता. नवऱ्याच्या पाठीवरचा तीळसुद्धा सांगितला मेल्यानं. माहीत असलं म्हणजे आपलं असते का? माझा पोरगा खाणीच्या रस्त्यावर टिप्पर पलटून मेला, हे बारा गावाले माहीत आहे. उद्या कोणीही येईल, म्हणंल मी त्याची अमकी, मी त्याची ढमकी.

दुर्गा : म्हणून तर मी काहीच नाई सांगितलं. नाव सांगितलं आन बसली. सांगितलं असतं तर तुम्हाले तो माणूसच दिसला असता.

नीलाबाई : मोठी शहाणी.

दुर्गा : मी जिवतीकडची. खाणीच्या पहाडावर कामगारायच्या मेसमध्ये सैपाक करतो. लोकेश तिथी जेवाले येत होता. एवढंच.

नीलाबाई : एवढंच?

दुर्गा : एवढंच सांगतो.

नीलाबाई : पोटात आहे का काही त्याचं?

दुर्गा : नाई.

नीलाबाई : खरं सांग. असलं तर गावपंचायत बसवतो, रीतीनं होईल.

दुर्गा : नाई जी. काहीच नाई. मोकळ्या हातानं आली.

नीलाबाई : मग कायले आली वं? पोट्टी स्वतःहून पोट्ट्याच्या घरी येऊन बसते, ही रीत मले नोको शिकवू. मीही याच ओसरीवर बसली होती, तवा इथी मातीची होती. माझ्या सासूनं चुलीत मिरच्या टाकल्या, धूर बाहेर सोडला. शेणाचं पाणी फेकलं. नाई हटली मी. पण मले ठाऊक होतं, आत एक जण माझ्यासाठी तडफडून राह्यला. फटीतून त्याचा डोळा दिसत होता मले. तुझ्यासाठी आत कोण आहे?

दुर्गा : तुम्ही आहा.

नीलाबाई : मी काऊन तडफडू? मी निवांत झोपली रातभर.

दुर्गा : दाराले टेकून झोपल्या. कूस बदलली की बांगड्या वाजत होत्या कवाडावर.

नीलाबाई : लय कान आहे तुले. ऐक, पोरी. मी वंगाळ बाई नाई. तू त्याच्यासाठी बसली असती आन तो जिता असता, तर म्या दोन शिव्या देऊन तुले आत घेतलं असतं. आता आत येशील तर काय होशील? उंबरठ्यात पाय टाकशील तवा त्याची बायको होशील, आन दुसरा पाय टाकशील तवा रांडव. असं कोणी आपल्या पायानं चालत येते का?

दुर्गा : ते तर मी पहाडावरच झाली. फक्त मले कोणी म्हणलं नाई.

नीलाबाई : काय नाई म्हणलं?

दुर्गा : त्याले गाडीत ठेवत होते तेव्हा मी धावली. एकानं हात आडवा लावला. 'तू कोण त्याची?' मले सांगता नाई आलं. मेसवाली म्हणून मागं उभी राह्यली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली, भात टाकला, वाढला. रडाले गेली की बाया विचारत, 'तुले काय झालं वं?' तुमच्याकडे सारं गाव आलं असंल आत्या, तुम्हाले धरून रडलं असंल. मले कोणी धरलं नाई. त्याच्या नावाचा दगड उभा करणार आहा म्हणे तुम्ही, रस्त्याच्या कडेले. पाहुणे येणार. दगडावर तांदूळ घरच्याच बाया टाकते. मले फक्त तेवढं पाह्यजे. मी रस्त्यावरून पाहत उभी नाई राहू शकत. दुसऱ्यांदा नाई.

नीलाबाई : कोणं सांगितलं तुले दगडाचं?

दुर्गा : इसरूभाऊ. टिप्परवर लोकेशच्या संगं होता तो.

नीलाबाई : तो आला होता. पाय प्लास्टरमध्ये. माझ्याकडे पाहत नव्हता. काही विचारलं की 'हो काकू, नाई काकू'. सगळे तसेच येऊन राह्यले. 'लय चांगला होता वं.' चांगला होता, चांगला होता! ते मले नाई का माहीत? म्या पोटातून काढला त्याले. पण तिकडं काय करत होता, काय खात होता, कोणी सांगत नाई. दोन साल तिकडं राह्यला माझा पोरगा. ते दोन साल माझ्यापाशी नाईच.

दुर्गा : आत्या...

नीलाबाई : सांग.

दुर्गा : काय सांगू?

नीलाबाई : काही पण सांग. तीळ नोको सांगू. म्या काढला, मले तीळ माहीत आहे. असं काही सांग जे मले माहीत नाई.

दुर्गा : मग तुम्ही म्हणाल, तो माणूसही असाच...

नीलाबाई : मरू दे तो माणूस! सांग ना वं!

दुर्गा : ...गात होता तो.

नीलाबाई : कोण, लोकेश? घरी तर कधी तोंडातून सूर नाई काढला.

दुर्गा : अंधाराचं भेव होतं त्याले. पहाडावरून रातच्याले गाडी उतरवाची म्हणलं की जोरजोरानं गोंडी गाणे म्हणत उतरे. आम्हाले मेसमध्ये ऐकू येई. बाया म्हणत, आला पाहा दुर्गाचा कोल्हा.

नीलाबाई : बेसूर?

दुर्गा : लय बेसूर.

नीलाबाई : त्याचा बाप तसाच होता. रेलानाचात सगळे एकीकडं आन हा एकीकडं. ...आन भेव? मले तर फोनवर म्हणे, मी वाघाले भेत नाई.

दुर्गा : वाघाले नाई भेत होता. अंधाराले भेत होता.

नीलाबाई : लहानपणापासूनच. दिवा इझवू देत नव्हता. मले वाटलं मोठा झाला, गेलं असंल. ...त्या राती गायला का?

दुर्गा : गायला. मी भांडे घासत होती. मग मधातच थांबला. आत्या, रडू नका ना. दार उघडा. मी आत नाई येत. फक्त तुमच्यापाशी बसतो.

आशाबाई : (अंगणातून) नीला! ए नीला! अवं, सिनेमा पाहून एवढी भेली का तू? दिवसाढवळ्या कवाड लावून बसली! अंगणात सडा नाई, काही नाई. आन हे कोण बसली ओसरीवर? कोण वं तू? कोणाची?

दुर्गा : मी...

नीलाबाई : थांब. तू नोको सांगू. मी सांगतो.

आशाबाई : बरं झालं, उघडलं तरी. डोळे पाहा कशे झाले. कोण आहे हे पोट्टी?

नीलाबाई : लोकेशसाठी आली.

आशाबाई : अवं, पण लोकेश...

नीलाबाई : माहीत आहे मले. तिलेही माहीत आहे. आशा, पाण्याचा गुंड भरून आण आन त्या बाजेवर चढ.

आशाबाई : बाजेवर? कायले?

नीलाबाई : दुर्गा, ऊठ. पाय आखडले असंल, धर मले. तुमच्या जिवतीकडं लग्न कसं लागते?

दुर्गा : आमच्याकडं मांडव घालते, हळद लावते...

नीलाबाई : आमच्याकडं एवढं नाई लागत. वळचणीखाली दोघायले उभं करते, वरून पाणी टाकते. अंगावरून पाणी गेलं की लागलं लग्न. मग कोणाच्या बापाची हिंमत नाई विचाराची, तू कोण त्याची म्हणून. पण ऐक. पुढं कोणी चांगला भेटला, तर जाजो. मी तुले बांधून नाई ठेवणार.

आशाबाई : नीला, तू शुद्धीवर आहे ना? दोघायले लागते ते. एकटीवर पाणी टाकलं तर ते आंघोळच झाली वं. नवरदेव कुठी आहे?

नीलाबाई : त्याच्या जागी मी उभी राह्यतो.

आशाबाई : माय पोराच्या जागी? असं कधी झालं का गावात?

नीलाबाई : नाई झालं. माझ्याच्यानं दुसरा पोरगा नाई आणता येत. जे आहे ते मीच आहे. तुले पाणी टाकाचं का नाई सांग, नाई तर मी मनकर्णाले बोलावतो.

आशाबाई : अवं टाकतो ना! मनकर्णा कायले मधात? चढतो मी. ...घसरली तर पाहा, तुमच्या दोघीच्याच अंगावर पडीन. सर अशी, नीला. पोरीले जवळ घे. माय वं, मले नाई पाहवत हे... डोळे पुसू दे थांब.

नीलाबाई : पूस, घाई नाई. दुर्गा, हात दे तुझा.

दुर्गा : आत्या, तुम्ही तर कापून राह्यल्या. पाणी तर अजून पडलंच नाई.

नीलाबाई : तोही असाच कापला असता. घट्ट धर.