केळ्याची चकती

इतकं कडू माणसं हौसेनं का पितात रे? दादाला मी दर वेळी विचारायचो आणि तो नुसता हसायचा. पुण्यात हॉटेलच्या बारमध्ये तो कॉकटेल बनवायचा. दिवाळीला पाचोऱ्याला आला की इटलीची लाल, कडू दारू घेऊन यायचा. गच्चीवर आम्ही त्यात जिन, सोडा आणि बर्फ घालायचो. वर संत्र्याची फोड लागते म्हणे. संत्रं नव्हतं, म्हणून एकदा मी ग्लासाच्या कडेला केळ्याची चकती खोचली.

"येड्या, पुण्यात असं दिलं तर मला हाकलतील!" दादा ओरडला.

तेवढ्यात आमचे वडील, आबा, वर आले. "हाई काय शे रे?"

"पोटाचा काढा, आबा. इटलीचा," दादानं थाप मारली.

आबांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "कडू शे, म्हंजे औषध खरं शे."

तेव्हापासून दादा घरी असला की रोज दिवेलागणीला आबांचं पोट दुखायचं.

गेल्या महिन्यात दादा अपघातात गेला. आबा धड जेवेनात. काल संध्याकाळी म्हणाले, "पोट दुखस. तो काढा शे का?"

"आबा, तो काढा नव्हता."

"माले पहिल्या दिनपासून माहीत व्हतं. तू वत."

मी तीन ग्लास भरले. आबांच्या आणि माझ्या ग्लासाला संत्र्याची फोड लावली. दादाच्या ग्लासाला मुद्दाम केळ्याची चकती खोचली. म्हटलं, आता ये आणि ओरड.