वळकटीसकट अटक

(सरकारी दवाखान्याचा पुरुष वॉर्ड. खाट सहा आणि खिडकी यांच्यामध्ये एक टेबल, त्यावर पाटी : ‘रुग्णालय पोलीस’. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले.)

हर्षद : मावशी, परत एकदा विचारतो. मारलंत, की चुकून लागलं?

मनुबाई : मारला. लिव.

हर्षद : कशाने?

मनुबाई : सुक्या बोंबलाच्या जुडीनं. तुज्या टेबलावरच हाय की.

हर्षद : तो मुद्देमाल आहे, हात लावू नका. सिस्टर, तुमची फिर्याद सांगा.

सिस्टर मृणाली : माझी काही फिर्याद नाही. मी सलाईन बदलत होते, मागून खांद्यावर काहीतरी आलं. मला वाटलं, छताचं प्लॅस्टर. ते रोजच पडतं.

हर्षद : असं करू नका, सिस्टर. दवाखान्याला स्वतःचा पोलीस दिलाय, एकवीस दिवस झाले. दर सोमवारी मोठे डॉक्टर विचारतात, काय पकडलंस? नावावर सगळी मिळून एक केस आहे.

सिस्टर मृणाली : गणराजची.

हर्षद : ऑक्सिजन सिलिंडरच्या ट्रॉलीवरून भाताची पोती वाहिली त्याने. साधी गोष्ट नाही ती.

सिस्टर मृणाली : आणि तुम्ही त्याला रात्रभर याच बाकावर ठेवलंत. सकाळी पेशंटची खिचडी खाऊन गेला. म्हणाला, पंखा बरा आहे, परत येईन.

हर्षद : मग कुठे ठेवू? कोठडीचा प्रस्ताव वर गेलाय. गावातलं ठाणं म्हणतं, तुमचा आरोपी तुम्ही सांभाळा. आणि मी त्याला फाटकाबाहेर नेऊ शकत नाही. फाटकाबाहेर मी पोलीसच नाही.

मनुबाई : तेच म्हंते मी. गणराज बसला तसा मला बी बसव. बाक हाच ना?

हर्षद : थांबा. आधी पंचांचं बघू. चार नंबर आणि पाच नंबर.

सिस्टर मृणाली : पाच नंबरच्या डोळ्यांत चुना उडालाय. दोन्ही डोळ्यांना पट्टी आहे.

हर्षद : त्यांनी आवाज ऐकला. वासही आला म्हणतात, तसं लिहून घेतलंय. मावशी, हे पायाशी काय आहे?

मनुबाई : वळकटी.

हर्षद : मारामारीला वळकटी घेऊन आलात?

मनुबाई : दोन चादरी अन् एक उशी. रागात मानूस हाताला लागंल ते उचलतो.

सिस्टर मृणाली : आणि मिश्रीची डबी?

मनुबाई : अटकेत असलं तरी सकाळ व्हायची ती व्हतेच, बाय.

हर्षद : म्हणजे ठरवून केलंत. हे जास्त वाईट आहे, मावशी.

मनुबाई : व्हय? मंग जास्त वाईट लिव. जास्त दिवस ठेवशील?

हर्षद : सिस्टर, या काय बोलतात?

सिस्टर मृणाली : तुमच्या पाठीशी खाट सहा आहे ना, ते यांचे मालक. नामा. अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय, नाकात नळी आहे.

हर्षद : ते माहीत आहे मला. सहाला भेटीची वेळ संपते, तेव्हा यांना मीच उठवतो.

मनुबाई : उठवतोस काय, शिट्टी मारतोस. पाच दिस मी दिघीवरनं खाडी वलांडून येते, दोन घटका बसते, अन् तू शिट्टी मारतोस. म्हंतोस, पुरुष वॉर्ड हाय, रातीला पुरुष मानूस आना. पोरगा जहाजावर. जावय टँकर घेऊन गुजरातेत. जेट्टीवरचा येखादा पुरुष धरून आनू?

हर्षद : नियम माझा नाही, मावशी.

मनुबाई : शिट्टी तुजीच हाय. अन् रातीला त्याचा हात बांधता.

सिस्टर मृणाली : तो नळी ओढतो हो. दोनदा काढली. चाळीस खाटांना मी एकटी. बँडेजने बांधते, सैलच.

मनुबाई : तुला न्हाय बोलत, बाय. पन मनगटाला वळ येतात. नळी का वडतो, ठावं हाय? त्याला कूस बदलायची असते. आता सांगता येत न्हाय, मंग हाताला लागंल ते वडतो. अंग गेल्यावर घरी माजं पांघरून वडायचा. मी उठून वळवते, का झोपला.

हर्षद : हे डॉक्टरांना सांगा ना.

मनुबाई : सांगितला. ते बोलले, पोलिसाला विचारा, वॉर्डात कोन थांबनार ते आता पोलीस बघतो. त्या बिचाऱ्यानं काय बी केला न्हाय, तर त्याला बांधून घातलाय. मी धडधडीत गुना केलाय, तर मला घरी जा म्हंतोस. कसला रं पोलीस तू?

हर्षद : मावशी, दवाखान्यात हात उचलला की कायदा कडक आहे. एकदा लिहिलं की कोर्टाच्या फेऱ्या.

मनुबाई : फेऱ्या मारायला मला पाय हायत.

सिस्टर मृणाली : हर्षद, तुमचा मुद्देमाल.

हर्षद : काय झालं त्याला?

सिस्टर मृणाली : मांजर घेऊन गेली. ती बघा, खिडकीबाहेर, कुंपणाच्या भिंतीवर.

हर्षद : कुठल्या बाजूला?

सिस्टर मृणाली : उतरली पलीकडे.

हर्षद : मग गेलीच. भिंतीपलीकडे माझी हद्द नाही. हत्यार नाही, फिर्याद नाही, आणि एका पंचाचे डोळे बांधलेले. उभी राहत नाही ही केस. सुटलात, मावशी.

मनुबाई : सुटले? शेवटची बोट बी सुटली असंल आता. दुसरी जुडी हाय पिशवीत. सिस्टर बाय, जरा पाठ फिरव.

सिस्टर मृणाली : नको. वाससुद्धा जात नाही युनिफॉर्मचा.

हर्षद : बसा जरा दोघी. नियमावलीत काहीतरी होतं. हं. ‘रुग्णालयाच्या मालमत्तेस धोका संभवत असल्यास संशयित व्यक्तीस चौकशीपुरते थांबवून ठेवावे.’ याला फिर्याद लागत नाही. कोर्टही नाही.

सिस्टर मृणाली : मालमत्ता कुठली?

हर्षद : नळी. दवाखान्याचीच आहे. तिला धोका आहे हे तर तुम्हीच सांगितलंत.

सिस्टर मृणाली : आणि चौकशी किती वेळ?

हर्षद : पुरी होईपर्यंत.

मनुबाई : माजी लवकर न्हाय व्हायची. लग्नापासनं सांगावं लागंल.

हर्षद : आता अडचण एवढीच, संशयिताचा हात मोकळा ठेवायचा नाही असं आहे. आणि बेड्या मंजूर नाहीत.

सिस्टर मृणाली : बँडेज आहे. सहा नंबरच्या हाताचं सोडलं की तेच मिळेल.

हर्षद : आणि त्याने नळी ओढली तर?

सिस्टर मृणाली : ओढली तर डॉक्टरांना मी सांगेन. मावशी, स्टूल इकडे घ्या. हा त्याचा चांगला हात. धरा.

मनुबाई : धरला.

सिस्टर मृणाली : आता बँडेज लागतच नाही, हर्षद. त्यानेही धरलाय, दोघांचे हात अडकले.

हर्षद : एक रकाना राहिला. ‘ताब्यात ठेवणाऱ्याचे नाव.’ मी आठला घरी जातो, माझं चालणार नाही. सिस्टर, तुमचं लिहू?

सिस्टर मृणाली : मला चाळीस खाटा आहेत. ज्याने धरलंय त्याचं लिहा.

हर्षद : नामा. खाट सहा. बरं. मावशी, आता पहिला प्रश्न. संशयिताचं पूर्ण नाव?

मनुबाई : हळू बोल. त्याचा डोळा लागलाय.