गवतात पिकलेली वाईन

नाही, पण मी म्हणते, बाटली ती बाटली, ती झोपवायची कशाला? पाळण्यातलं पोर आहे का ते? आणि विचारायला गेलं तर हा मॅन्युएल मलाच म्हणतो, "वयनीनू, तुमी हात लावू नकात!" घ्या! देवबागात आमची कुंपणाला कुंपण लागून घरं, माझ्या चुलीवर बांगडा पडला की त्यांचं मांजर आधी येऊन बसतं, आणि मी म्हणे हात लावू नये! जाऊ दे, आपल्याला काय करायचंय म्हणा!

तर तुम्हाला सांगते, या मॅन्युएलचा थोरला भाऊ होता बोटीवर खानसामा. येताना कधी साबण आणायचा, कधी चॉकलेट... पण मॅन्युएलची रोशेल जन्मली तेव्हा कुठल्याशा बंदरातनं त्याने आणली सफेद वाईन. म्हणाला, "हिच्या लग्नात फोड. तवसर काळोखात ठेव, थंड जाग्यार, आणि आडवी. बूच सुकता नये." एवढं बोलून गेला परत बोटीवर, आणि पुढे तिकडेच वारला बिचारा. त्याच्या हातचं म्हणून घरात राहिलं काय, तर ही बाटली! मॅन्युएलने मागच्या काळोख्या खोलीत खड्डा खणला, आंबे ठेवावेत तसं गवत अंथरलं, आणि तिला निजवली. मी आपली साखर मागायला जायचे, जाता जाता गवत बाजूला करून बघायचे. "काय गो सेलेस्तीन, पिकली काय?" की मॅन्युएलची बायको लाटणं घेऊन मागे.

पण रंग बघा हं! आधी शहाळ्याच्या पाण्यासारखी, मग लिंबाच्या सरबतासारखी, मग तुपासारखी, आणि रोशेल लग्नाची होईपर्यंत चक्क मधासारखी! आता पिवळं पडलं की आपल्याकडे अर्थ दोनच. आंबा असेल तर खा, डोळे असतील तर डॉक्टरकडे जा. वाईनचं काय करायचं ते कोणाला ठाऊक? मी म्हटलं, नासली. पण बोलले नाही. म्हणजे मॅन्युएलला बोलले नाही, बाकी वाडीत सगळ्यांना सांगितलं. आपल्याला काय करायचंय म्हणा!

रोशेलचं जमलं ॲल्स्टनशी. मुलगा सोन्यासारखा, पण त्याचा बाप मेल्विन... अरे देवा! मुंबईच्या मोठ्या हॉटेलात जन्म गेला त्याचा, दारूतलं आपल्यालाच कळतं अशी मान ताठ. लग्नाला चार दिवस असताना आला, मॅन्युएलने मोठ्या मायेने गवत बाजूला करून दाखवलं, तर हा चष्मा कपाळावर ढकलून म्हणतो कसा, "ओहो मॅन्युएल, रेड असती तर गोष्ट वेगळी! व्हाइट ताजीच प्यायची असते. याचं कधीच व्हिनेगर झालं. टोस्टला मी दुसरी आणतो ना!"

मॅन्युएलने गवत परत सारखं केलं, वर पोरीला पांघरूण घालावं तसं थोपटलं, आणि होडीकडे निघून गेला. भावाचा हात पोरीच्या डोक्यावर असावा, म्हणून जपलेली चीज ती!

आता सेलेस्तीन पडली हिशोबी बाई. लग्नाचं सोरपोतेल शिजत होतं. डुकराच्या मटणाचा तो प्रकार, व्हिनेगर घालून चार दिवस मुरवल्याशिवाय त्याला चव नाही म्हणतात. मी खात नाही, पण वासाला कुठे उपास असतो? म्हणून पायरीवर बसले होते. तर ही बाई बाटली घेऊनच आली! "फुकट कित्याक घालवू? व्हिनेगर झाला मां? मगे व्हिनेगर म्हणानच घालतंय!" बूच ओढलं, ओतली टोपात, ढवळली, चाखली. "आंबट लागणा नाय गो!" आणखी ओतली. "अजून नाय!" आणखी! अहो, आंबट लागत नाही म्हणजे ते व्हिनेगर नाही, हे कळायला काय कॉलेजात जायला लागतं? पण मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय म्हणा... आणि तेवढ्यात वास आला. मधाचा, भाजलेल्या काजूचा, वर जरासा सुक्या अननसाचा... मी किंचाळलेच, "सेलेस्तीन, थांब गो बाये! ही नासाक नाय, ही पिकली!"

थांबली. पण तळाशी उरली होती पेलाभर.

मेल्विन आला, एक थेंब जिभेवर टेकवला, आणि चष्मा काढून पायरीवर माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "सगळ्या व्हाइट टिकत नाहीत हो. ज्यांच्यात मुळातच आंबटपणा दमदार असतो ना, त्याच मुरतात. मी बघता क्षणी निकाल दिला... गाढव मी!" मी म्हटलं, मग आमच्या घरात वीस वर्षांचं काळं पडलेलं लिंबाचं लोणचं काय वेगळं सांगतं? आणि आमच्या घरातले हे, भाई? जन्माचे आंबट, पण अजून टिकलेत की!

सेलेस्तीन पदराने डोळे पुसत होती. मॅन्युएल आला, टोप बघितला, तळाशी पेलाभर उरलेली बाटली बघितली. मी तर डोळेच मिटले. पण तो म्हणाला, "भावान लग्नासाठी दिलेली, लग्नाच्याच जेवणात गेली. सगळ्या गावाक पावली. रडतस कित्याक?"

पेलाभर फ्रिजात ठेवली. लग्नात रोशेलने आणि ॲल्स्टनने एकेक घोट घेतला, मॅन्युएलने नुसते ओठ भिजवले. आणि सोरपोतेल? बोटं चाटून लोक सेलेस्तीनला कृती विचारत होते! ती म्हणे, "पयला चेडू होवक होया." म्हणजे आधी घरात मुलगी जन्मायला हवी, मग बाटली निजवायची!

परवा मेल्विनने नवी बाटली पाठवली, तशीच सफेद, रोशेलला जे मूल होईल त्याच्या लग्नासाठी! आणि मॅन्युएल ती घेऊन उभा कुठे? माझ्या दारात! "वयनीनू, आमच्या घरात सेलेस्तीन आसा. तुमच्याकडेच ऱ्हवांदे. लग्नात तुमच्याच हातान फोडूची."

आता सांगा, रोशेलला अजून मूल व्हायचंय, ते वाढायचंय, शिकायचंय, लग्नाला उभं राहायचंय... भाईंनी गवत अंथरलंसुद्धा. म्हणजे आता मला मरायचीसुद्धा सोय राहिली नाही!